फळ्या तुमच्या, पाणी सगळ्यांचे

गणपती-नवरात्राच्या सुमारास पवना, मुळशी, पानशेत, वरसगाव ही धरणे काठोकाठ भरतात आणि शनिवार-रविवारी त्यांच्या काठांवर एकच भांडण जागोजागी ऐकू येऊ लागते. कोणी गळ घेऊन पाण्याशी उभा असतो. जवळच एखाद्या फार्महाऊसचा किंवा रिसॉर्टचा धक्का पाण्यात शिरलेला असतो. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांवर ठोकलेल्या फळ्या, टोकाला दोन खुर्च्या, खांबाला बांधलेली होडी. गळ धक्क्याच्या दिशेने पडला की रखवालदार ओरडतो, ‘इथे मासे धरायचे नाहीत, ही प्रायव्हेट जागा आहे.’ गळवाला उलट विचारतो, ‘पाणी काय तुमच्या साहेबांनी विकत घेतलंय का?’ दोघेही खरे बोलत असतात, पण अर्धेच. धक्का खासगी असेल, त्याखालचे पाणी खासगी नाही. पाणी सगळ्यांचे असले, तरी त्यावरच्या फळ्या सगळ्यांच्या होत नाहीत. या दोन हक्कांच्या मधे शे-सव्वाशे फुटांची एक पट्टी उरते आणि तिथे कसे वागायचे याची रीत आपल्याकडे अजून रुळलेली नाही. ती आता ठरवून घातली पाहिजे. धक्का बांधू देताना काठ मोकळा ठेवण्याची आणि वीज सुरक्षित ठेवण्याची अट मालकावर हवी, आणि गळ टाकू देताना धक्क्यापासून अंतर राखण्याची अट गळवाल्यावर हवी. ज्याला पाण्याचा लाभ मिळतो त्याने पाण्याशी संबंधित जोखीमही उचलावी, एवढाच त्यामागचा न्याय आहे.

गळवाले नेमके धक्क्यापाशीच का येतात, हे आधी समजून घ्यायला हवे, कारण त्यांना केवळ आगाऊ म्हणून मोडीत काढणे सोपे असते. धक्का पाण्यात उतरला की थोड्याच दिवसांत पिंपांवर आणि खांबांवर शेवाळ धरते. शेवाळावर किडे येतात, किड्यांमागे बोटाएवढे मासे येतात. भर दुपारी उघड्या पाण्यात कुठेच आडोसा नसतो, तेव्हा फळ्यांखाली गार सावली असते. चिलापीचे थवे तिथे रेंगाळतात आणि त्यांच्या मागावर मरळ येतो. वरून कोणी उरलेला भात, पावाचे तुकडे टाकत असेल तर रोहू-कटलाही फिरकून जातात. म्हणजे धक्का बांधणाऱ्याने नकळत माशांना घरच बांधून दिलेले असते. हे जगभर असेच आहे. अमेरिकेत बास नावाच्या माशामागे असणारे हौशी मासेमार धक्क्याखालच्या अरुंद सावलीत आमिष पाण्यावरून घसरवत नेण्याचा खास सराव करतात. मासा जिथे आहे तिथे गळ जाणार, हे गृहीत धरूनच नियम करावा लागेल. पाटी लावून किंवा शिवी देऊन मासा जागा बदलत नाही.

आता मालकीकडे येऊ. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० मध्ये नद्या, नाले, तलाव यांचे तळ आणि साचलेले व वाहते सगळे पाणी, ते कोणा व्यक्तीच्या मालकीचे नसेल तर, राज्य सरकारची मालमत्ता ठरवले आहे. धरणाच्या बाबतीत तर प्रश्न आणखी सरळ आहे. धरण बांधताना पूर्ण संचय पातळीपर्यंतची जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी संपादित केलेली असते. त्या रेषेच्या वर कोणाचा सातबारा असेल, खाली तो संपतो. अडचण अशी की ही रेषा डोळ्यांना दिसते ती फक्त वर्षातले काही आठवडे. पाऊस संपला की पाणी उतरू लागते. काठाचा उतार मंद असेल तिथे उन्हाळ्यापर्यंत पाण्याची कड पार लांब गेलेली असते. ऑक्टोबरात ज्या फळ्यांवर बसून पाय पाण्यात सोडता येत होते, त्याच फळ्या मे महिन्यात भेगाळलेल्या गाळावर टेकलेल्या असतात आणि होडी कोरड्यावर कलंडलेली असते. मधली सगळी उघडी पडलेली जमीन कोणाची? आपल्या भाषेत तिला नाव आहे. तिला गाळपेर म्हणतात, आणि ती हंगामापुरती कसायला द्यायची तर धरणग्रस्तांना प्राधान्य देण्याची पद्धत आहे. म्हणजे बंगल्याची हद्द आणि पाणी यांच्या मधे वर्षातला बराच काळ सरकारी जमिनीची पट्टी असते. पाण्याच्या मागोमाग तारेचे कुंपण जिथे खाली सरकत जाते, तिथे मालक आपल्या जागेचे रक्षण करत नसतो. तो दुसऱ्याच्या जागेवर पुढे येत असतो. हे स्पष्टपणे म्हणायला कोणी कचरू नये.

या भूमिकेला सर्वोच्च न्यायालयाचा भक्कम आधार आहे. ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ’ या खटल्यात १९९६ साली न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठच्या एका मोटेलने नदीलगतची वनजमीन घेतली होती आणि पुराचा धोका टाळण्यासाठी नदीचा प्रवाहच वळवायला घेतला होता. नद्या, जंगले, हवा, समुद्रकिनारे सरकारकडे असतात ते विश्वस्त म्हणून, विकून टाकायला नव्हेत, या भूमिकेतून न्यायालयाने त्या जमिनीचा भाडेपट्टा रद्द केला. निकालात आधार घेतला होता तो १८९२ च्या एका अमेरिकन खटल्याचा. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने १८६९ मध्ये शिकागोजवळचा मिशिगन सरोवराचा एक हजार एकरांहून मोठा तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला होता. चारच वर्षांनी राज्याला चूक उमगली, त्याने देणगी मागे घेतली, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मागे घेणे योग्य ठरवले. एका सरोवराच्या काठावरचा हा वाद शंभर वर्षांनी बियासच्या काठाला लागू पडला, तर पवनेच्या काठाला लागू पडायला हरकत काय?

अमेरिकेतही सगळीकडे एकच पद्धत नाही, हे सांगायला हवे. विस्कॉन्सिनमध्ये तळ्याकाठच्या घरमालकाला धक्का घालता येतो, फळ्या त्याच्या असतात, त्यांवर परवानगीशिवाय कोणी चढायचे नसते, मात्र आजूबाजूच्या पाण्यात होडीतून येऊन मासे धरणाऱ्याला तो हटकू शकत नाही. कायदेशीरपणे मासेमारी करणाऱ्याला मुद्दाम त्रास देणे हाच तिथे गुन्हा आहे. कोलोरॅडोत याच्या उलट, नदीचा तळ ज्याच्या जमिनीतला त्याचा तिथे शब्द चालतो. १९७९ मध्ये तिथल्या न्यायालयाने खासगी जमिनीतून वाहणाऱ्या नदीत तराफ्यावरून आलेल्या लोकांना अतिक्रमणाबद्दल दोषी धरले. दोन्ही पद्धती त्या त्या राज्याच्या जमीन-पाण्याच्या इतिहासातून आल्या आहेत. आपला इतिहास कोणत्या बाजूचा आहे याविषयी मला शंका नाही. नदीचा घाट कोणी बांधला याची शिळा लागते, पण पायऱ्या सगळ्यांच्या असतात. मुंबईतला भाऊचा धक्का भाऊ अजिंक्य यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्यावर चढण्या-उतरण्यासाठी भाऊंच्या घरच्यांची परवानगी कोणी मागितलेली नाही.

इथपर्यंत वाचून गळवाल्याला वाटेल की निकाल आपल्या बाजूने लागला. तसे नाही. पाण्यावरचा हक्क म्हणजे धक्क्यावर उभे राहण्याचा, त्याच्या खांबाला होडी बांधण्याचा किंवा त्यावरून गळ फेकण्याचा हक्क नव्हे. पाणी मोकळे आहे म्हणूनच त्यावर वावरणाऱ्याची जबाबदारी वाढते. आजकाल साध्या एकेरी गळाची जागा तीनमुखी गळांनी घेतली आहे. खोट्या माशाच्या पोटाखाली असे दोन-दोन गळ लटकत असतात, म्हणजे सहा टोके, आणि प्रत्येक टोकाला मागे वळलेला बारीक उलटा काटा. हा काटा माशाच्या जबड्यात बसतो तसाच धक्क्याखाली पोहणाऱ्या पोराच्या पोटरीतही बसतो, आणि ओढला की आणखी आत जातो. तो उपटायचा नसतो. तंगूस कापून, गळ हलू न देता दवाखाना गाठायचा असतो आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे असते. हाताशी कात्री किंवा पक्कड न ठेवता तीनमुखी गळ फेकणारा माणूस इतरांच्या कातडीवर जुगार खेळत असतो. फळीत किंवा दोरखंडात अडकलेला गळ झटके देऊन सोडवणे त्याहून वाईट. ताणलेला तंगूस एकाएकी सुटला की त्याला लावलेले शिसे गोफणीतल्या दगडासारखे उलटून येते, आणि ते बहुतेक वेळा चेहऱ्याच्या उंचीवर येते. डोळा जायला तेवढे पुरते. म्हणून गळवाल्याने साधा चष्मा तरी लावावा.

म्हणूनच अंतर मीटरात मोजण्यापेक्षा फेकीत मोजावे, असे मला वाटते. ज्याची फेक जितकी लांब, त्याने तितके दूर उभे राहावे. धक्क्यावर किंवा त्याच्या आसपास पाण्यात माणसे असतील तर एका पूर्ण फेकीच्या आत जायचेच नाही. साध्या रीळाच्या काठीने गळ तीस-चाळीस मीटर सहज जातो, तेव्हा तेवढे अंतर. धक्का रिकामा असेल तर जवळून, पण फळ्यांच्या आणि दोरांच्या बाजूने मासेमारी करायला हरकत नसावी. त्यांच्यावरून फेकायचे मात्र नाही. गुंतलेला तंगूस तोडून तिथेच सोडू नये, ही रीत तर कायद्याची वाट न पाहता आजपासून पाळता येईल. नायलॉनचा तो पारदर्शक धागा पाण्यात वर्षानुवर्षे कुजत नाही. पाणकावळा बुडी मारतो आणि त्यात पंखासकट अडकतो. होडीच्या पंख्याच्या दांड्यात तो गुंडाळला गेला की यंत्र भर पाण्यात बंद पडते. चार वाव तंगूस गुंडाळून खिशात घालायला अर्धे मिनिट लागते.

मालकाच्या बाजूची सर्वांत मोठी जबाबदारी दिसत नाही, कारण ती तारेत असते. धक्क्यावर रोषणाई हवी, संगीत हवे, पाणी खेचायला मोटार हवी, म्हणून बंगल्यातून वायर ओढली जाते. पावसापाण्यात ती वायर कुठेतरी सोलवटते, जोड उघडा पडतो आणि वीज पाण्यात उतरते. गोड्या पाण्यातली गळती खाऱ्या पाण्यापेक्षा माणसाला अधिक घातक असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. समुद्राचे पाणी विजेचे चांगले वाहक आहे, त्यामुळे प्रवाह माणसाला वळसा घालून निघून जातो. तळ्याचे पाणी कमी वाहक आहे आणि माणसाचे शरीर, रक्तातल्या क्षारांमुळे, त्याहून चांगले वाहक आहे. वीज सोपा मार्ग शोधते आणि तो पोहणाऱ्याच्या अंगातून जातो. काही मिलिअँपियरचा प्रवाहही हातापायांचे स्नायू आखडून टाकायला पुरतो. माणूस ओरडतही नाही, हात मारता येत नाहीत, तो बुडतो. अंगावर भाजल्याची खूण बहुधा नसते, त्यामुळे पंचनाम्यात फक्त बुडून मृत्यू अशी नोंद होऊ शकते. अमेरिकेत अशा मृत्यूंना ‘इलेक्ट्रिक शॉक ड्राउनिंग’ असे वेगळे नाव पडले आहे आणि वीज घेतलेल्या धक्क्याजवळ पोहू नका, असे तिथे बजावून सांगितले जाते. आपल्याकडे धक्के नव्याने येत आहेत आणि नेमकी ही माहिती त्यांच्याबरोबर आलेली नाही. धक्क्यावर वीज नेणाऱ्या प्रत्येक जोडणीला तीस मिलिअँपियरच्या गळतीवर आपोआप तुटणारा आरसीसीबी असलाच पाहिजे, आणि दर पावसाळ्यानंतर वायरमनने ती तपासलीच पाहिजे. ज्याला हे परवडत नाही त्याने कंदील लावावा. आणि बुडणारा माणूस धक्क्याजवळ तडफडताना दिसला तर उडी मारण्याआधी मेन स्विच बंद करायला कोणालातरी धाडावे, नाहीतर वाचवायला गेलेलाही त्याच प्रवाहात सापडतो.

हाच धोका गळवाल्याच्या हातातही असतो. कार्बन फायबरच्या काठ्या हलक्या असतात म्हणून लोकप्रिय झाल्या आहेत, आणि कार्बन वीज वाहून नेतो. काठावरच्या उपसा पंपांसाठी अकरा हजार व्होल्टच्या तारा अनेक ठिकाणी पाण्यालगत गेलेल्या असतात. दहा-बारा फुटांची काठी मागे नेऊन फेकताना डोक्यावर काय आहे हे पाहण्याची सवय नसेल, तर तार शिवण्याचीही गरज पडत नाही. ओली काठी पुरेशी जवळ गेली तरी वीज उडी घेते.

मग खोली. धरणाचे पाणी नैसर्गिक तळ्यासारखे हळूहळू खोल होत जात नाही. खाली शेते आहेत, शेतांचे बांध आहेत, ताली आहेत, विहिरी आहेत, जुन्या घरांचे चौथरे आहेत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला बांधावरून खाली जातो आणि डोक्यावर पाणी जाते. गाळात रुतलेला पाय उपसताना तोल जातो. अडकलेला गळ सोडवायला कपड्यांनिशी पाण्यात उतरणे हे गळवाल्याच्या बुडण्याचे सर्वांत साधे कारण असते, आणि तो गळ दोन-पाचशे रुपयांचा असतो. थर्माकोलच्या तुकड्यावर बसून मध्यापर्यंत जाणाऱ्यांबद्दल वेगळे काय सांगावे? वारा सुटला की मोठी बोटही सुरक्षित राहत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले, आणि ते हौसेने नव्हे, रोजच्या वाटेने निघालेले लोक होते. धक्क्याचा मालक इथे खरी मदत करू शकतो. एक तरंगते कडे, वीस मीटर दोर आणि पाण्यातून वर चढायला शिडी, या तीन वस्तू प्रत्येक धक्क्यावर टांगलेल्या असाव्यात, आणि त्या कुलपात नसाव्यात. काठाच्या त्या भागात कोणी पोहोचेपर्यंत एवढीच मदत उपलब्ध असते. अग्निशमन दल तासाभराच्या अंतरावर असते.

मालकांचा आक्षेप मी हलका मानत नाही. ते म्हणतात, काठ मोकळा ठेवला तर दारूच्या बाटल्या येतात, रात्री-अपरात्री टोळकी येतात, घरातल्या बायका-मुलींना धक्क्यावर बसणे नको होते. आणि आमच्या धक्क्याशी कोणी बुडाले तर पोलीस आमच्याच दारात येतात. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. पण बारकाईने पाहिले तर हे सगळे आक्षेप वागण्याविषयी आहेत, पाण्यावर कोण येतो याविषयी नाहीत. बाटल्या फोडणाऱ्याला मज्जाव करता येतो, आणि तो करताना शांतपणे गळ टाकून बसलेल्या गावच्या म्हाताऱ्याला हाकलण्याची गरज पडत नाही. सूर्यास्तानंतर धक्क्याच्या एका फेकीच्या आत मासेमारी नको, हा नियम घरातल्यांच्या निवांतपणासाठी रास्त आहे आणि अंधारातले अपघात टाळण्यासाठीही. जबाबदारीच्या भीतीवर उपाय हाकलण्यात नाही. ज्याने कडे, दोर, शिडी ठेवली, विजेची तपासणी केली, ‘धक्क्यावर परवानगीशिवाय चढू नये’ अशी मराठीत स्वच्छ पाटी लावली, त्याने आपले कर्तव्य केले हे परवान्यातच लिहिलेले असावे, म्हणजे अपघातानंतर त्याला कोणी उगाच गोवणार नाही. ज्याने यातले काही केले नाही आणि फक्त ‘ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड’ लिहिले, त्याने जबाबदारी घेतलेली नाही. आणि मालकांच्या स्पीडबोटींबद्दलही बोलले पाहिजे. पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या आणि थर्माकोलचे तुकडे हा कचरा नसतो, ती कोणाच्या तरी जाळ्याची खूण असते. त्यावरून भरधाव बोट नेली की पंख्यात जाळे फाटते आणि एका घराची त्या आठवड्याची कमाई जाते.

या भांडणात ज्याचा हक्क सर्वांत पक्का आहे तो मात्र बहुतेकदा हजरच नसतो. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने माशांसाठी सुरुंग लावण्यावर आणि पाण्यात विष कालवण्यावर बंदी घातली, हे बऱ्याच जणांना माहीत असते. त्याच कायद्याने ‘खासगी पाणी’ म्हणजे काय हेही सांगितले होते: जे पाणी एखाद्याच्या पूर्ण मालकीचे आहे, किंवा ज्यात मासेमारीचा अनन्य हक्क त्याला मालक म्हणून वा पट्टेदार म्हणून मिळाला आहे. शिवाय, रूढीने इतरांना तिथे मासे धरण्याचा हक्क असला म्हणून ते पाणी खासगी असायचे थांबत नाही, असा खुलासाही जोडला होता. पुढे राज्यांनी आपापले कायदे केले, पण तर्क तोच राहिला. आपल्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्या ठेक्याचे पैसे भरतात, बोटुकली आणून सोडतात, ती वाढेपर्यंत राखण करतात. म्हणजे ‘इथे मासे धरू नका’ म्हणण्याचा अधिकार कोणाला असलाच तर तो या संस्थेला आहे. बंगल्याच्या मालकाला तो नाही, आणि हौशी गळवाल्याने ‘पाणी सरकारी, मासा देवाचा’ म्हणून तो झटकूनही टाकू नये. कटला-रोहू देवाने सोडलेले नसतात, त्यांची पावती कोणाच्या तरी दप्तरात असते. संस्थेने दिवसाच्या गळाची माफक फी घेऊन पास द्यावा, पासाच्या मागे अंतराचे, तंगुसाचे, चढणीच्या माशांना पावसाच्या सुरुवातीला न धरण्याचे नियम छापावेत. महसीर लागला तर परत सोडावा हेही त्यात असावे. दख्खनच्या महसीराचे शास्त्रीय वर्णन साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केले. ज्या पाण्याने त्याला जगाच्या यादीत नेले त्या पाण्यात त्याला जगू देणे आपले काम आहे.

‘आपल्याकडे नियम कोण पाळतो’ हा शेवटचा आणि सर्वांत कंटाळवाणा आक्षेप. तो निराशेतून येतो म्हणून मी त्याची चेष्टा करणार नाही, पण तो चुकीचा आहे. जे नियम मोडले जातात ते बहुतेक असे असतात की जे पाळण्यात कोणाचाच फायदा नसतो आणि पाहायलाही कोणी नसते. इथे पाहणारे तीन आहेत. धक्क्याला जलसंपदा विभागाची परवानगी लागावी आणि ती दरवर्षी नव्याने घ्यावी, म्हणजे विजेची तपासणी आणि मोकळा काठ या अटी कागदावर राहणार नाहीत. संस्थेच्या राखणदाराला गळवाल्याचा पास पाहण्याचे कारण आहे, कारण तो त्याच्या उत्पन्नाचा भाग आहे. आणि ग्रामपंचायतीला दोघांमधला तंटा मिटवण्यात रस आहे, कारण रखवालदारही गावचाच असतो आणि बऱ्याचदा गळवालाही. मुळशीसारख्या ठिकाणी धरण कंपनीचे आहे, सरकारचे नाही, हे खरे. पण तिथली जमीनही संपादनानेच घेतली गेली आणि तिच्यासाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून तीन वर्षे सत्याग्रह केला. ती जमीन ज्यांनी गमावली त्यांच्या पतवंडांना पाण्याच्या कडेने चालायला कोणाच्या परवानगीची गरज पडावी, असा अर्थ त्या संपादनाचा कधीच नव्हता.

पवनेच्या धरणग्रस्तांपैकी शेकडो खातेदार पुनर्वसनाच्या जमिनीसाठी इतकी वर्षे लोटल्यावरही झगडत आहेत. त्याच पवनेच्या पाण्याखाली वाघेश्वराचे जुने मंदिर आहे. वर्षातले बरेच महिने ते बुडालेले असते, उन्हाळ्यात पाणी उतरले की दगडी भिंती वर येतात आणि आसपासच्या गावांतले लोक दर्शनाला जातात. धक्के तेव्हा चिखलावर टेकलेले असतात, वायरी उघड्यावर पडलेल्या असतात, आणि उघड्या पडलेल्या त्याच गाळपेरीतून देवळाकडे जाणारी पायवाट उमटलेली असते. पुढच्या उन्हाळ्यात ती उमटण्याआधी विभागाने काठावरच्या प्रत्येक कुंपणाची मोजणी पूर्ण संचय पातळीच्या खुणेपासून करून घ्यावी, आणि जे कुंपण त्या खुणेच्या खाली निघेल ते काढून टाकावे.